अपुऱ्या सप्तकाची मुकी पेटी

मित्रांनो, जिच्यातून आजवर एकही सूर निघालेला नाही अशी एक जुनी पेटी मी आहे. हसू नका. माझ्या पट्ट्या दाबल्या की खाली जातात, बोट उचललं की वर येतात. पण आत ना तार, ना नळी, ना भाता. लाकूड लोकरीवर टेकल्याचा बारीकसा 'टप' तेवढा होतो. तरीही माझं सगळं आयुष्य संगीतात गेलं, आणि तेही अशा माणसाच्या सोबतीत, ज्याला पाव कापता कापता चाली सुचायच्या.

त्यांचं नाव तादेआश कोउदेला. बोहेमियाच्या डोंगरातलं यावोर्का हे विणकरांचं गाव, आणि त्या गावचे ते शाळामास्तर. आमच्याकडे मास्तर म्हणजे नुसता अक्षरं गिरवून घेणारा नव्हे. रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा तो मास्तरानं, लग्नात व्हायोलिन घेऊन वरातीच्या पुढे चालायचं ते मास्तरानं, कुणी देवाघरी गेलं तर त्याच्या शेवटच्या वाटेसाठी चाल बांधायची तीही मास्तरानंच. हे सगळं करून उरलेल्या वेळात पोरांची बेरीज-वजाबाकी.

तरुणपणी मास्तर वर्षभर प्रागला राहून रीतसर संगीत शिकून आले होते. तिथल्या मोठ्या सभागृहात आपलं काही वाजावं असं त्यांना फार वाटे. पुढे ते वाटणं त्यांनी बोलून दाखवायचं सोडलं. गावाला ज्या आठवड्यात जे लागेल ते लिहीत गेले. नाताळात मेंढपाळांची गाणी, सुगी झाली की आभाराची गाणी, आणि शिष्यांच्या बोटांसाठी छोट्या छोट्या चाली बारा महिने.

गावात तेव्हा पट्ट्यांचं वाद्य एकच होतं, चर्चमधला ऑर्गन. हिवाळ्यात तिथे बोटं गारठायची, आणि भाता दाबायला हावेलबाबांना बोलवावं लागे. हावेलबाबा यायचे, पण कुरकुरत यायचे. शेवटी मास्तरांनी शिमोन सुताराला गाठलं.

"शिमोन, मला एक पेटी हवी. पट्ट्या सगळ्या हव्यात, आवाज अजिबात नको."

शिमोननं कानामागची पेन्सिल काढली आणि मास्तरांकडे बघत राहिला. "मास्तर, तब्येत बरी आहे ना?"

"पोरांची बोटं घरी बसून तयार करायची आहेत रे. आवाज मागाहून येईल."

"आजवर मला कुणी आवाज न करणारं काही सांगितलं नव्हतं. माझा पाळणासुद्धा करकरतो. बघतो करून. पण चुकून वाजली, तर मला बोलायचं नाही."

शिमोननं मन लावून मला घडवलं. पट्ट्या लिंडनच्या लाकडाच्या, वर गाईच्या हाडाचे पातळ तुकडे. काळ्या पट्ट्या पेअरच्या लाकडाच्या, अक्रोडाच्या सालीच्या रसात बुडवून काळ्या केलेल्या. खाली बारीक स्प्रिंगा आणि विणकरांकडची लोकर. माप कुठलं घ्यायचं हा प्रश्न त्याला पडलाच नाही. तो चर्चमध्ये गेला, ऑर्गनच्या पट्ट्या पाहिल्या आणि जशाच्या तशा माझ्यात उतरवल्या. म्हणजे त्या ऑर्गनची खोडसुद्धा माझ्यात आली.

ती खोड एवढी समजून घ्या. ऑर्गन फार जुन्या काळचा होता. खालच्या सुरांच्या नळ्या सर्वांत लांब असतात, त्यांना कथील फार लागतं. म्हणून जुन्या कारागिरांनी फारशा न लागणाऱ्या सुरांच्या नळ्या घातल्याच नाहीत, आणि डाव्या टोकाच्या काही पट्ट्याही गाळून टाकल्या. उरलेल्यांवर सुरांच्या जागा बदलल्या. अगदी टोकाची पट्टी दाबली, तर तिच्या जागेवरून वाटतो त्याच्या बराच खालचा सूर निघे. तिच्या जवळच्या दोन काळ्या पट्ट्यांवर काळ्यांचे सूर नव्हतेच, गाळलेल्या पांढऱ्यांचे होते. याला अपुरं सप्तक म्हणत. ज्याला सवय, त्याला त्याचं काही नसे. ज्याला सवय नाही, तो तिथे आपटलाच म्हणून समजा.

मी घरात आले तेव्हा मास्तरांच्या पत्नीनं, बार्बोराबाईंनी, एक पट्टी दाबून पाहिली. मग दुसरी.

"अहो, ही खरंच वाजत नाही?"

"नाही."

"कधीच?"

"कधीच नाही, बार्बोरा."

"देवाची कृपा. या घरात मुलं आहेत, शिष्य आहेत आणि तुम्ही आहात. एक जण तरी मुका हवाच होता. ठेवा तिला खिडकीशी."

खिडकीशी माझी चांगली वर्षं गेली. सकाळी शाळा भरायच्या आधी आणि संध्याकाळी माग थांबल्यावर विणकरांची मुलं यायची. सुतानं चरे पडलेली बोटं, बटाटे सोलून काळवंडलेली बोटं, खाण्याच्या नादात मधानं चिकट झालेली बोटं. मला सूर ऐकू येत नसत, पण बोटं ऐकू येत. कोण घाबरलंय, कोण घरून रडून आलंय, कुणाला आज खरोखर वाजवावंसं वाटतंय, हे पहिल्या दाबातच कळायचं. एका मुलाचं एक बोट मागात सापडून कायमचं आखडलं होतं. मास्तरांनी त्याच्यासाठी त्या बोटाला कामच पडणार नाही अशी चाल बांधली. मुलाला ते कधी समजलं नाही. माझी एक पट्टी मात्र त्या चालीत मोकळीच राहायची.

आणि मास्तर स्वतः. त्यांना काही सुचलं की ते माझ्यापाशी येऊन बसत आणि डोळे मिटून वाजवत. घरात पाव भाजला जातोय, मुलं भांडताहेत, कोंबडी आत शिरलीय, आणि मास्तर मुक्या पेटीवर एका नव्या प्रार्थनेत बुडालेले. हावेलबाबा दारात उभे राहून म्हणायचे, "मास्तर, जरा हळू वाजवा की. माझे कान किटले."

"तुम्ही भात्यावर झोपता, तुमचे कान कसले किटतात?"

"झोपतो म्हणून तर गावाला संगीत मिळतं. जागा असतो, तर तुमच्या लांबलचक शेवटाला मी भाता सोडून घरी गेलो असतो."

याच दिवसांत अपोलेना आली. विणकराची मुलगी, अंगानं बारीक, प्रश्न विचारायला धीट. लोक म्हणायचे, मुलीला शिकवून काय करणार, ऑर्गनच्या बाकावर काय मुलगी बसवायची आहे? मास्तर म्हणायचे, "बाकाला काय कळतंय कोण बसलंय ते." अपोलेना शिकत राहिली.

मग तिची बोटं माझ्या डाव्या टोकापर्यंत पोचायच्या आतच एक दिवस बैलगाडीतून एक खराखुरा पियानो आला. जवळच्या गढीतल्या बाईंनी नवा घेतला होता, त्यांचा जुना त्यांनी शाळेला देऊन टाकला. त्याच्या पट्ट्या पुऱ्या होत्या, माझ्याहून जास्त. मुलं त्याच्याभोवती गोळा झाली. साहजिकच होतं. ज्याला आवाज आहे त्याच्याकडे लेकरं जाणारच. आठवडाभर मी खिडकीशी होते, मग भिंतीशी, मग हावेलबाबांनी मला शिडीवरून माळ्यावर नेलं. बार्बोराबाईंनी माझ्यावर कापड अंथरलं आणि सफरचंदाच्या चकत्या वाळत घातल्या.

मला त्याचं वाईट वाटलं का? थोडं वाटलं. पण बार्बोराबाई दर वसंतात वर यायच्या आणि जवसाच्या तेलाचा बोळा माझ्यावरून फिरवायच्या. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांचे उपास, त्यांची मेरीमातेपुढची दिवाबत्ती जशी न चुकता, तसंच हे. माळ्याच्या फळ्यांना फटी होत्या. खाली स्वयंपाकघरात काय चाललंय ते मला दिसे आणि ऐकूही येई.

अशी कितीतरी वर्षं गेली. मास्तरांचे केस पांढरे झाले, मुलं मोठी होऊन दूर गेली. अपोलेना पियानोवर तरबेज झाली. रविवारी ऑर्गनवर साध्या प्रार्थनाही वाजवू लागली. त्या प्रार्थना मधल्या पट्ट्यांवरच फिरणाऱ्या होत्या, डाव्या टोकाकडे तिचा हात कधी गेला नव्हता.

मास्तर मात्र एकाच कामात गढले होते. ईस्टरसाठी ते मोठी प्रार्थना रचत होते. आमच्याकडे ईस्टरआधीच्या गुरुवारी 'ग्लोरिया' हे स्तोत्र झालं की चर्चमधल्या घंटा आणि ऑर्गन मुके होतात. लहान मुलांना सांगतात, घंटा रोमला गेल्या. शनिवारी सकाळी पुन्हा ग्लोरिया येतो, तेव्हाच घंटा परततात आणि ऑर्गन बोलतो. मधल्या दिवसांत मुलं लाकडी खुळखुळे करकरवत गावातून फिरतात, तोच प्रार्थनेचा इशारा. त्या मौनानंतरच्या पहिल्या क्षणासाठी मास्तरांनी रचना केली होती. ऑर्गन एकटाच, सर्वांत खालच्या सुरावरून निघायचा आणि उजाडत जावं तसा हळूहळू वर चढत यायचा. ते वर्षानुवर्षं ती खोडत होते, पुन्हा लिहीत होते. त्या वर्षी म्हणाले, "बार्बोरा, झालं. या ईस्टरला वाजवतो."

ईस्टरच्या आठवड्यातल्या बुधवारी अपोलेनाला शिकवता शिकवता त्यांचा उजवा हात गळून पडला. मागोमाग उजवा पाय, आणि जीभ. लोकांनी त्यांना उचलून भट्टीजवळच्या बाकावर निजवलं. डोळे स्वच्छ होते, सगळं कळत होतं, पण तोंडातून घरघर तेवढी निघे.

संध्याकाळी गावचे पाद्री फादर इग्नात्स आले. भला माणूस, पण त्यांच्यापुढेही पेच होता. ते बार्बोराबाईंना म्हणाले, "बाई, हे बोलायला जीभ रेटत नाही. पण ऑर्गन वाजवणारा नाही, तर मास्तरही नाही, असं वरचे लोक म्हणतील. शेजारच्या गावात एक तरुण आहे, शिकलेला. ईस्टरला तो वाजवायला बसला की जागा त्याचीच. आणि हे घर जागेबरोबर जातं."

बार्बोराबाईंनी कमरेच्या फडक्याला हात पुसले. "आणि अपोलेनानं वाजवलं तर?"

"उद्या गुरुवार आहे. वाजवू दे तिला. तिला जमलं, तर मी सगळ्यांना सांगेन की मास्तर शिकवताहेत आणि मुलगी वाजवतेय, बिघडलं कुठे? पण लोकांनी ऐकायला हवं ना आधी."

तर मित्रांनो, मास्तरांचं घर, मास्तरांची शाळा आणि त्यांची ती ईस्टरची प्रार्थना, सगळं आता त्या एका मुलीच्या बोटांवर आलं.

गुरुवारी काय झालं ते मी पाहिलं नाही. संध्याकाळी खाली स्वयंपाकघरात ऐकलं. अपोलेना टेबलावर डोकं टेकून बसली होती. हावेलबाबा टोपी हातात घेऊन उभे.

"भाता माझा, वारा माझा," ते म्हणाले, "पण असला आवाज मी जन्मात काढला नव्हता. वाटलं, कुणाची गाय आत शिरली."

"हावेलबाबा, गप्प बसा हो," बार्बोराबाई म्हणाल्या.

"बसतो. पण गाय वाटली खरी."

अपोलेनानं डोकं वर केलं. "मी बरोबर पट्ट्या दाबल्या होत्या, मास्तरीणबाई. पियानोवर बरोबर येतं. पण ऑर्गनवर ग्लोरियात खाली गेले की पट्ट्या जागेवरच नसतात. टोक आधीच संपतं. मी चाचपडले आणि सगळं ओरडायला लागलं."

त्या ऑर्गनची खोड गावात एकट्या मास्तरांना ठाऊक होती, आणि त्यांनाही ती डोक्याला नव्हे, बोटांना ठाऊक होती. इतक्या वर्षांत त्यांचा हात पियानोवर एका वाटेनं आणि ऑर्गनवर दुसऱ्या वाटेनं आपसूक जाई. शिकवताना हे सांगायचं असतं, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. आता आलं, तर जीभ नव्हती.

"भाता न दाबता वाजव की उद्या," हावेलबाबांनी सुचवलं. "आवाजच येणार नाही."

"उद्या गुड फ्रायडे. चर्चमध्ये खाली मांडलेल्या ख्रिस्ताच्या समाधीपुढे दिवसभर माणसं गुडघे टेकून असतील, आणि वर ऑर्गनच्या पट्ट्यांचा आणि दांड्यांचा खडखडाट? फादरांनी कुलूप लावलंय. शनिवारपर्यंत उघडणार नाहीत, आणि उघडू नयेच." बार्बोराबाईंनी पियानोचं झाकण लावलं, किल्ली फिरवून खिशात टाकली. "या घरातही घंटा परत येईपर्यंत तार हलणार नाही. कधी हलली नाही, यंदाही नाही."

तेवढ्यात बाकावर मास्तर धडपडले. त्यांनी डावा हात उचलला आणि वर बोट दाखवलं. सरळ वर.

 बार्बोराबाईंनी घाईनं क्रूसाची खूण केली. "अहो, असं करू नका. एवढ्यात वर जायची घाई करू नका."

मास्तरांनी मान हलवली. पुन्हा वर बोट.

"बोलावणं आलंय त्यांना," हावेलबाबा हळूच म्हणाले. "माझ्या आईनं असंच केलं होतं."

मी वर होते, मित्रांनो. त्यांचं बोट माझ्याकडे होतं. फटीतून मला त्यांचे डोळे दिसत होते, आणि ते डोळे देवाकडे चाललेल्या माणसाचे नव्हते. वर्गात उत्तर येत असून पाळी न आलेल्या मुलाचे होते. पण मी मुकी आणि तेही मुके. आमच्यामध्ये एक फळी, आणि खाली सगळी श्रद्धाळू माणसं.

शुक्रवारी सकाळी फादर इग्नात्स शेवटच्या घडीला लावतात ते पवित्र तेल घेऊन आले. शेजारपाजारचे चारजण दाराशी गुडघ्यांवर बसले. फादर अगदी मायेनं म्हणाले, "तादेआश, तुमची तयारी झाली ना?" मास्तरांनी डाव्या हातानं तेलाची कुपी बाजूला सारली आणि पुन्हा वर बोट दाखवलं. दाराशी कुणीतरी हुंदका दिला.

"हो, हो, तिथेच," फादर म्हणाले. "तिथेच जायचंय आपल्या सगळ्यांना."

मास्तरांनी डोळे मिटले. मला वाटलं, आता हरले. मग त्यांनी हात पांघरुणावर ठेवला आणि बोटं हलवू लागले. डाव्या टोकाला करंगळी, मग उडी, मग दोनदा वरच्या बाजूला, काळ्या पट्टीवर जावी तशी. पुन्हा तेच. पुन्हा तेच.

अपोलेना कोपऱ्यात होती. ती उठून बाकाजवळ आली आणि त्या बोटांकडे टक लावून पाहू लागली.

"मास्तरीणबाई, हे स्वर्ग दाखवत नाहीत. वर माळ्यावर काय आहे?"

"सफरचंदं."

"सफरचंदं कशावर आहेत?"

बार्बोराबाईंनी वर पाहिलं. फादरांनी पाहिलं. दाराशी बसलेल्यांनीही पाहिलं. गुड फ्रायडेच्या सकाळी एवढी माणसं माना वर करून माझ्याकडे बघताहेत, असं माझ्या आयुष्यात पुन्हा कधी घडलं नाही.

"ती मुकी," बार्बोराबाई म्हणाल्या. "शिमोननं चर्चमधला ऑर्गन बघून केलेली."

बाकावर मास्तरांनी हात पांघरुणावर सोडून दिला आणि एक मोठा श्वास घेतला.

फादर इग्नात्सनी कुपीला बूच लावलं. "मी हे तेल परत नेतो," ते म्हणाले. "पण बाई, आजच्या दिवशी वाजवणं म्हणजे..." ते घुटमळले, आणि सगळ्यांनी बार्बोराबाईंकडे पाहिलं. गावात त्यांच्यासारखं उपासाला कडक दुसरं कुणी नव्हतं. त्या कडक होत्या म्हणूनच त्यांचा शब्द फादरांच्या शब्दाहून जड होता.

त्यांनी बाह्या सरसावल्या. "आज या घरात तार हलणार नाही. पण हिला कुठे तार आहे, फादर? आपलं मौन दोन दिवसांचं, हिचं बारमाही. हिला हात लावून उपास मोडत असेल, तर हात जोडूनही मोडेल. हावेलबाबा, शिडी लावा."

हावेलबाबांनी मला खाली आणलं, सफरचंदांसकट. बाकाशेजारी टेबलावर ठेवलं. अपोलेना बसली. मास्तरांचा उजवा हात गेला होता, पण चूक तर डाव्या हाताची होती, आणि डावा हात शाबूत होता. त्यांनी तो माझ्या टोकाच्या पट्टीवर ठेवला. अपोलेनानं आपला हात त्यांच्या हातावर ठेवला. दोघांचं वजन मला एकदम जाणवलं. एक हात थकलेला आणि निश्चित, दुसरा चाचपडणारा.

टोकाची पट्टी, हा सर्वांत खालचा सूर. ही काळी, पण सूर पांढऱ्याचा. ही दुसरी काळी, तसंच. मास्तर चालायचे, ती मागून चालायची. ती चुकली की मास्तर थांबून पहिल्यापासून. बाहेर मुलांचे खुळखुळे करकरत गल्लीतून गेले, दुपारी पुन्हा गेले. बार्बोराबाई कोरडा पाव ठेवून गेल्या, तिनं अर्धा खाल्ला.

"पण बरोबर आलं की नाही हे कळणार कसं?" ती मध्येच कळवळून म्हणाली. "काही ऐकूच येत नाही."

मास्तरांनी तिच्या कपाळावर बोट टेकवलं. मित्रांनो, माझ्यासारखीवर वाजवताना सूर स्वतःच आणावा लागतो. ती हळूहळू आणू लागली. संध्याकाळपर्यंत तिचं चाचपडणं थांबलं, आणि मग मास्तरांनी आपला हात खालून काढून घेतला.

हावेलबाबांनी जाताना तिला सल्ला दिला. "पोरी, उद्या सोपंसं काहीतरी वाजव. मधल्या मधल्या पट्ट्यांवर. गुरुवारचं ऐकून फादरांनी शेजारच्या गावच्या त्या तरुणाला बोलावलंय, तो तुझ्या शेजारीच बसणार आहे, जरा अडखळलीस की त्याला बसवायचं ठरलंय. खाली कशाला उतरतेस?"

अपोलेना मास्तरांकडे वळली. त्यांनी काहीच खूण केली नाही. डोळे मिटून घेतले. ठरवायचं तिच्यावर सोडलं.

"खालून सुरू होतं म्हणून तर ते उजाडतं, हावेलबाबा," ती म्हणाली. "मी मास्तरांचंच वाजवणार."

शनिवारी सकाळी सगळं गाव चर्चमध्ये गेलं. घरात मास्तर, बार्बोराबाई आणि मी. बार्बोराबाई त्या एका वर्षी गेल्या नाहीत, खिडकी उघडून उभ्या राहिल्या. हातात जपमाळ होती, पण मणी सरकत नव्हते. मास्तरांचा डावा हात माझ्यावर.

एकदम घंटा वाजल्या. सगळ्या, एकत्र. आणि घंटा थांबताच खालून, फार खालून, एक सूर निघाला. तो आवाज मी आधी कधी नीट ऐकला नव्हता, खिडकीच्या चौकटीतून तो माझ्या लाकडात उतरला. मास्तरांचं बोट त्याच क्षणी माझ्या टोकाच्या पट्टीवर दाबलं गेलं. मग पुढचा, मग पुढचा. तिकडे ती, इकडे ते, बरोबरीनं चढत होते. काळी पट्टी. दुसरी काळी. गाय कुठेही ओरडली नाही.

मग एका ठिकाणी मास्तर पुढे गेले आणि ती मागे राहिली. ती त्या सुरावर थांबली होती. लिहिलेलं होतं त्याहून जास्त वेळ. बार्बोराबाईंनी खिडकीची चौकट घट्ट धरली. "अडली का हो?" त्या कुजबुजल्या.

मास्तरांचा हात माझ्यावर अधांतरी झाला. मलाही वाटलं, तो तरुण आता बाकावर सरकत असेल. पण ती अडली नव्हती. गुरुवारपासून मुक्या असलेल्या माणसांना तो एक सूर पुरेसा ऐकू यावा म्हणून ती थांबली होती. मग ती चढली, तिच्या चालीनं, आणि सगळं चर्च तिच्यामागून गाऊ लागलं.

मास्तरांनी हात माझ्यावरून उचलला आणि मांडीवर ठेवला. आपली रचना त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा नुसती बसून ऐकली.

दुपारी सगळे घरी आले. फादर इग्नात्स, हावेलबाबा, तो शेजारच्या गावचा तरुण, आणि मागे अपोलेना. तो तरुण दारातूनच म्हणाला, "मी पानं उलटायलाही पुरा पडलो नाही. त्या टोकाला काय भानगड आहे हो? मी बसलो असतो तर तिथेच आपटलो असतो."

"गाय ऐकू आली असती," हावेलबाबा म्हणाले.

फादरांनी टेबलावर ईस्टरचा गोड पाव ठेवला. "मास्तर, घराचं आणि शाळेचं मनातून काढून टाका. लोकांनी ऐकलंय. आता मला कुणाला काही समजावायला नको."

बार्बोराबाईंनी खिशातून किल्ली काढली, पियानोचं झाकण उघडलं आणि लगेच पाठ फिरवून पाव कापायला घेतला. त्यांचे खांदे हलत होते.

अपोलेना बाकाजवळ गुडघ्यांवर बसली. गाल लाल झाले होते. "मास्तर, कसं झालं?"

मास्तरांच्या तोंडात काहीतरी जुळू लागलं. ओठ वेडेवाकडे झाले, घाम आला.  आणि मग तो शब्द बाहेर आला, तुटका पण स्पष्ट.

"पुन्हा."

अपोलेना हसली, डोळे पुसले. पियानो उघडा होता, घंटा परतल्या होत्या, आता कुठलीच बंदी नव्हती. तरी ती माझ्यापाशी येऊन बसली आणि पहिल्या सुरापासून सगळं पुन्हा वाजवलं. त्या खोलीत कुणालाही काही ऐकू आलं नाही. सगळे शेवटपर्यंत ऐकत उभे राहिले.

मास्तर त्यानंतर बरीच वर्षं जगले. थोडे शब्द परत आले, उरलेलं काम डाव्या हातानं केलं. ऑर्गनच्या बाकावर अपोलेना बसली आणि बाकानं काही तक्रार केली नाही. मला पुन्हा माळ्यावर कुणी नेलं नाही. आता अपोलेनाच्या शिष्यांचे शिष्य माझ्यावर बोटं तयार करतात. माझ्या हाडाच्या पट्ट्या पिवळ्या पडल्या आहेत, दोन स्प्रिंगा ढिल्या आहेत, आणि दर वसंतात कुणीतरी जवसाच्या तेलाचा बोळा फिरवतं.

मित्रांनो, माझं मागणं एवढंच. तुमच्या घरात कुणी बोलता न येणारं असेल, म्हातारं, आजारी, तान्हं, किंवा आपलं नुसतं गप्प राहणारं, तर त्याच्या जवळ जाऊन बसा. त्याला काय हवं ते तुम्हीच ठरवून टाकू नका. त्याचं बोट कुठे वळतंय ते नीट पाहा, आणि तिकडे चढून जायची वेळ आली तर शिडी लावायचा कंटाळा करू नका.